शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही: जैविक औषधांचा दर्जा कसा राखतात?

२०२५ च्या पावसाळ्याअखेरीस छिंदवाड्यातली लहान मुलं खोकल्याच्या औषधामुळे दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. तेव्हा घराघरांत एकच प्रश्न विचारला जात होता: औषध बाजारात पाठवण्याआधी तपासत नाहीत का? त्या सिरपच्या बाबतीत प्रश्न अगदी रास्त होता. डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन औषधात आहे की नाही हे चाचणीत सरळ कळतं, आणि ती चाचणी कच्चा माल आत घेतानाच व्हायला हवी.

मात्र हाच प्रश्न इन्सुलिनबद्दल, लशींबद्दल किंवा कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅबसारख्या इंजेक्शनबद्दल विचारला, तर उत्तर वेगळं येतं. तिथे शेवटच्या सगळ्या चाचण्या प्रामाणिकपणे केल्या आणि सगळ्या पास झाल्या, तरी तेवढ्यावर कुणी जाणता माणूस औषधाची हमी देणार नाही. का देणार नाही, आणि मग हमी येते कुठून, हे समजून घेऊ.

## गोळीपेक्षा हे वेगळं कसं?

पॅरासिटामॉलचा रेणू २० अणूंचा असतो. तो रसायनांपासून बनतो आणि दर वेळी हुबेहूब तसाच बनतो. ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड आहे, म्हणजे शरीर रोगाशी लढताना जी प्रथिनं तयार करतं त्या जातीचं प्रथिन. त्यात तेराशेच्या वर अमिनो आम्लं चार साखळ्यांत, विशिष्ट घड्या घालून बसलेली असतात आणि अणूंची संख्या २० हजारांच्या घरात जाते. एवढा रेणू प्रयोगशाळेत जोडून बनवणं परवडतही नाही आणि नीट जमतही नाही. म्हणून तो जिवंत पेशींकडून करवून घेतात. इन्सुलिनसाठी जिवाणू किंवा यीस्ट, प्रतिपिंडांसाठी बहुतेक वेळा चिनी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून १९५७ साली वेगळ्या काढलेल्या पेशींचा वंश. अशा औषधांना जैविक औषधं म्हणतात.

प्रतिपिंड बनवणारी पेशी साखळ्या बनवते आणि त्यांच्यावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या फांद्याही चिकटवते. या फांद्या प्रत्येक रेणूवर थोड्या वेगळ्या असतात. म्हणजे एकाच कुपीत एकसारखे रेणू नसतात, जवळच्या भावंडांचा मोठा गोतावळा असतो. त्यामुळे ‘औषध शुद्ध आहे का’ एवढं विचारून इथे भागत नाही. गोतावळ्यात कोण किती प्रमाणात आहे आणि ते प्रमाण नेहमीसारखं आहे का, हे पाहावं लागतं.

## मग प्रत्येक कुपी तपासा की!

तपासायची तर कुपी फोडावी लागते, आणि फोडलेली कुपी रुग्णाला देता येत नाही. म्हणून नमुना घेतात. नमुन्याचं गणित किती तोकडं आहे ते बघा.

२,००० लिटरच्या टाकीत लिटरला ४ ग्रॅम प्रतिपिंड तयार झालं, तर एकूण ८ किलो. शुद्धीकरणात काही वाया जाऊन साडेपाच किलो उरलं असं धरू. ४४० मिलिग्रॅमची एक कुपी, या हिशेबाने १२ हजारांवर कुप्या होतात. निर्जंतुकतेची चाचणी साधारणपणे यांतल्या २० कुप्यांवर होते. त्यांतला द्रव बारीक गाळणीतून गाळून ती गाळणी दोन प्रकारच्या पोषक द्रवांत १४ दिवस ठेवतात आणि काही वाढतं का ते पाहतात.

आता समजा, हजारात एक कुपी दूषित आहे, म्हणजे १२ हजारांत १२. यांतली एक तरी त्या २० मध्ये सापडण्याची शक्यता फक्त २ टक्के. शेकड्याला एक दूषित असली, म्हणजे १२० कुप्या, तरी पकडली जाण्याची शक्यता १८ टक्के. म्हणजे पाच अशा बॅचेसपैकी चार बॅचेस या चाचणीतून बिनबोभाट पुढे जातील.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. कुप्या एकेक करून भरल्या जातात. चारशेव्या कुपीपाशी कुणाचा हातमोजा फाटला, तर ते चार हजाराव्या कुपीला विचारून कळणार नाही.

## चाचणी पास, औषध घातक

दूध डेअरीवर नेणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो. पाणी घातलं की डिग्री उतरते, मग साखर किंवा युरिया घालून ती परत चढवतात. यंत्र खोटं बोलत नाही. ते फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं.

हेपारिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचं २००७-०८ मध्ये नेमकं हेच झालं. हेपारिन डुकराच्या आतड्यांतून काढतात. चीनमधून अमेरिकेत गेलेल्या कच्च्या मालात अतिसल्फेटयुक्त कॉन्ड्रॉइटिन सल्फेट नावाचा स्वस्त, कृत्रिमरीत्या बदललेला पदार्थ मिसळलेला होता. तोही रक्त गोठू देत नाही, त्यामुळे तेव्हाच्या प्रमाणित चाचणीला तो हेपारिनच वाटला. डायलिसिसवरच्या रुग्णांचा रक्तदाब अचानक कोसळू लागला, मृत्यू झाले, तेव्हा शोध सुरू झाला. चुंबकीय अनुनादावर आधारलेल्या एन.एम.आर. तपासणीत भेसळ उघड झाली आणि २००८ मध्येच औषधसंहितेतल्या चाचण्या बदलाव्या लागल्या.

चाचणी तिला माहीत असलेला दोष शोधते. ठाऊक नसलेला दोष रोखायचा तर माल येतो कुठून आणि वाटेत त्याला कुणाचे हात लागतात, हे पाहावं लागतं. म्हणूनच पुरवठादाराच्या कारखान्यात स्वतः जाऊन पाहणी करणं हे काम गुणवत्ता विभागाचं असतं, खरेदी विभागाचं नव्हे.

## विरजण जपणं

घरात आजच्या दह्याचं विरजण उद्याला, उद्याचं परवाला असं चालतं. महिन्याभरात दह्याची चव बदलते, कारण दर वेळी जिवाणूंचा गोतावळा किंचित सरकतो. औषधाच्या पेशी अशा चालवल्या तर त्याही सरकतात. काहींतून औषधाचं जनुकच गळून जातं, आणि औषध न बनवणाऱ्या पेशी जास्त वेगाने वाढून टाकी व्यापतात.

म्हणून सुरुवातीलाच उत्तम पेशींचा एक वंश निवडून त्याच्या शेकडो छोट्या कुप्या गोठवून ठेवतात. ही मूळ पेशीपेढी. तिच्यातली एक कुपी उघडून दुसरी, रोजच्या वापराची पेढी करतात. प्रत्येक बॅच या दुसऱ्या पेढीतल्या ताज्या कुपीपासून सुरू होते, आधीच्या बॅचच्या उरलेल्या पेशींपासून कधीच नाही. कुप्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांत, उणे १५० अंशांच्या खाली असतात, आणि दोन वेगळ्या ठिकाणी विभागून ठेवलेल्या असतात. एका इमारतीला आग लागली तर औषधाचा वंशच बुडू नये म्हणून. पेशी टाकीत किती पिढ्या वाढू द्यायच्या याचीही मर्यादा ठरलेली असते.

## टाकीतले चौदा दिवस

कुपीतल्या एक मिलिलिटरपासून पेशी वाढवत फ्लास्क, मग ५० लिटर, २०० लिटर आणि शेवटी मोठ्या टाकीत नेतात. त्या टाकीला बायोरिॲक्टर म्हणतात. तिथे पेशी साधारण १४ दिवस राहतात. तापमान ३७ अंशांच्या आसपास, आम्लता पी.एच. ७ च्या जवळ, प्राणवायू मोजून मापून.

सगळ्या दर्जाचं मूळ इथे आहे, आणि बिघडण्याच्या वाटाही इथेच जास्त. साखर जास्त दिली तर पेशी लॅक्टिक आम्ल सोडतात आणि द्रव आंबट होतो. तो ताळ्यावर आणायला आम्ल मारणारं रसायन घातलं की खारटपणा वाढून पेशी मलूल होतात. प्राणवायू वाढवायला बुडबुडे वाढवले तर बुडबुडा फुटताना त्याला चिकटलेल्या पेशीही फुटतात. फुटलेल्या पेशींतून विकरं (एन्झाइम) बाहेर येऊन तयार औषधालाच कुरतडतात.

आणि काही कारणं डोळ्याला दिसतही नाहीत. प्रतिपिंडावर साखरेची एक विशिष्ट कडी जोडणाऱ्या विकराला मँगनीज लागतं, तेही अत्यल्प. पोषक पावडरच्या नव्या गोणीत मँगनीजचा अंश किंचित कमी-जास्त असला, तर गोणीवरचं प्रमाणपत्र बिनचूक असूनही औषधावरच्या साखरफांद्या बदलतात. कारखान्यात दोन-दोन आठवडे ‘या बॅचला काय झालं?’ म्हणून डोकेफोड चालते आणि चोर शेवटी गोणीत सापडतो.

यावरचा उपाय स्वयंपाकघरातलाच आहे. ‘डाळीला तीन शिट्ट्या’ हा नियम पाठ करणारा माणूस जुनी डाळ आली की फसतो. डाळ किती जुनी, पाणी किती जड, आच किती, यांचं एकमेकांशी नातं ज्याला कळलं तो शिट्ट्या बदलतो आणि वरण तसंच उतरवतो. औषधनिर्मितीत या विचाराला ‘क्वालिटी बाय डिझाइन’ म्हणतात. आधी ठरवायचं की औषधाचे कोणते गुणधर्म रुग्णाच्या जिवाशी निगडित आहेत: साखरफांद्या, गुठळ्यांचं प्रमाण, ताकद. मग छोट्या टाक्यांत मुद्दाम तापमान, आम्लता, खाद्य बदलून कोणती कळ फिरवली की कोणता गुणधर्म हलतो याचा नकाशा काढायचा. त्या नकाशात सुरक्षित ठरलेल्या हद्दीत मोठी टाकी चालवायची. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत याला ‘क्यू-८’ या दस्तऐवजाने जागा दिली. हा नकाशा काढायला वर्षं लागतात. पण तो नसलेला कारखाना नशिबावर चालतो, हे स्पष्ट म्हणायला हवं.

पूर्वी सलग तीन बॅचेस नीट उतरल्या की प्रक्रिया पक्की झाली असं समजायचे. आता प्रत्येक बॅचचे आकडे ओळीने मांडून पाहतात. शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर हवी आणि बॅचेस ९८.९, ९८.६, ९८.२, ९७.९ अशा आल्या, तर कागदावर चारही पास. जाणकार मात्र चौथ्या बॅचलाच काम थांबवून विचारतो, हा उतार कशाचा?

## टाकीत विषाणू शिरला तर?

जून २००९ मध्ये अमेरिकेत बोस्टनमधल्या ऑलस्टन इथे जेन्झाइम कंपनीच्या टाकीत पेशींची वाढ मंदावली. पेशींना ‘व्हेसीव्हायरस २११७’ या विषाणूची लागण झाली होती. माणसाला त्याचा अपाय होत असल्याचं ज्ञात नव्हतं. तरी कारखाना बंद करून धुवून काढावा लागला, आणि गौशे व फॅब्री या दुर्मिळ आजारांच्या रुग्णांना औषध पुरेनासं झालं. या औषधांना तेव्हा पर्याय जवळपास नव्हते. विषाणू कच्च्या मालातून आला असावा असा निष्कर्ष निघाला.

इथे एक आक्षेप येतो: पुढे शुद्धीकरण असतंच ना? असतं. टाकीतला द्रव एका खास स्तंभातून जातो, तिथे ‘प्रोटीन ए’ प्रतिपिंडाला धरून ठेवतं आणि बाकीचं वाहून जातं. मग आम्ल घालून प्रतिपिंड सोडवतात आणि त्याच आम्लात, पी.एच. ३.६ च्या आसपास, तासभर ठेवतात. त्यात मेदाचं वेष्टन असलेले विषाणू निकामी होतात. पुढे आणखी एक-दोन स्तंभ, मग सुमारे २० नॅनोमीटर छिद्रांची गाळणी. प्रत्येक टप्पा किती विषाणू अडवतो हे सिद्ध करण्यासाठी वेगळ्या प्रयोगशाळेत मुद्दाम भरपूर विषाणू घालून मोजतात. हा प्रयोग कारखान्यात मात्र कुणी करत नाही, उघड कारणासाठी.

व्हेसीव्हायरसला मेदाचं वेष्टन नसतं, म्हणजे आम्लाचा टप्पा त्याच्यापुढे लंगडा पडतो. एकाच कुलपावर विसंबायचं नाही ते यासाठी. काही कारखाने आता पोषक द्रव टाकीत सोडण्याआधीच १०२ अंशांवर १० सेकंद तापवून घेतात. डेअरीत दुधाला करतात तेच, जास्त कडक.

## बाटली क्रमांक ५३-एन

शेवटचा टप्पा कुपीत भरण्याचा. रासायनिक इंजेक्शन अनेकदा कुपीत भरून, बूच लावून, वर १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करता येतं. प्रथिनाला ती उष्णता दिली तर अंड्यासारखं घट्ट होईल. म्हणून औषध ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं आणि मग आधीच निर्जंतुक केलेल्या कुपीत, निर्जंतुक हवेत भरायचं. गाळणीनंतर चूक सुधारायची संधी नाही.

ही चूक किती महागात पडते ते मुंबईने सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलं आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. लस परळच्या प्रयोगशाळेतून, वाल्डेमार हाफकिन यांच्याकडून आलेली. ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने गेले. प्रयोगशाळेने निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलली होती, म्हणून ठपका हाफकिन यांच्यावर आला. पुढे कळलं ते असं: गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचंच नाव दिलं गेलं.

आज भरणीची जागा ‘ग्रेड ए’ दर्जाची लागते. तिथल्या एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. हवा वरून खाली संथ, एकसारखी वाहते, म्हणून उघड्या कुपीच्या वरून हात न्यायचा नाही, भराभर हालचाल करायची नाही. हा शिष्टाचार नाही. झटका दिला की हवेत भोवरा होतो आणि बाहीवरचा कण कुपीत उतरतो.

या सगळ्याची परीक्षा म्हणजे ‘मीडिया फिल’. औषधाऐवजी जिवाणूंना आवडेल असा पोषक रस हजारो कुप्यांत नेहमीच्याच वेगाने भरायचा. मध्ये यंत्र बंद पाडायचं, माणसं बदलायची, रोज होतात ते सगळे अडथळे आणायचे. मग सगळ्या कुप्या १४ दिवस उबेत ठेवायच्या. अपेक्षा शून्य गढूळ कुप्यांची. ५ ते १० हजारांत एक गढूळ निघाली तर चौकशी, दोन निघाल्या तर सगळी प्रक्रिया पुन्हा सिद्ध करायची. इथे वीस कुप्यांचा नमुना नाही, सगळ्या कुप्या पाहिल्या जातात. त्यामुळे निर्जंतुकतेच्या चाचणीपेक्षा यावर विश्वास जास्त.

## ‘पण इतके कागद कशाला?’

एका बॅचचं रेकॉर्ड शेकडो पानांचं असतं आणि नव्या मुलांना ते जाचच वाटतं. पण वर पाहिलं तसं, दर्जा कुपीत मोजता येत नसेल तर तो प्रक्रियेतच पाहावा लागतो, आणि झालेली प्रक्रिया नंतर फक्त नोंदीतच दिसते. चिमटा पडला हे त्याच वेळी, त्याच माणसाने लिहिलं असतं तर पाच वर्षं गेली नसती. संध्याकाळी आठवून भरलेलं पान म्हणूनच खोट्या पानाइतकं धोक्याचं. २०१३ नंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफ.डी.ए.ने, भारतातल्या अनेक औषध कंपन्यांना जी इशारापत्रं दिली, त्यांत खोडलेल्या नोंदी आणि मनासारखा आकडा येईपर्यंत पुन्हा पुन्हा केलेल्या चाचण्या हा ठळक आरोप होता.

आपल्याकडे औषध नियमांतलं, कारखाना कसा चालवावा हे सांगणारं ‘शेड्युल एम’ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने नव्याने लिहिलं गेलं. जोखमीचा आधीच विचार करणं, दरवर्षी सगळ्या बॅचेसचा आढावा घेणं अशा गोष्टी त्यात आल्या. २५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कारखान्यांना मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत दिली गेली. नियम चांगले आहेत. निरीक्षकाला टाकीतलं कळतं का, हा खरा प्रश्न आहे.

## मग बायोसिमिलर म्हणजे डुप्लिकेट का?

मूळ जैविक औषधासारखं, दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या पेशींतून बनवलेलं औषध म्हणजे बायोसिमिलर. हुबेहूब नसतं म्हणून लोक बिचकतात. पण मूळ औषध तरी स्वतःसारखं हुबेहूब राहतं का? ट्रास्टुझुमॅबचं मूळ उत्पादन हर्सेप्टिन. २०१८-१९ ही मुदत छापलेल्या त्याच्या काही बॅचेसमध्ये साखरफांद्या बदललेल्या आढळल्या आणि रोगप्रतिकारक पेशींना हल्ल्याला बोलावण्याची ताकद घटलेली होती. तपासणी प्रतिस्पर्धी बायोसिमिलर कंपनीच्या संशोधकांनी केली होती, हे लक्षात ठेवून वाचावं; तरी ती २०१७ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाली आहे.

म्हणून कसोटी एकच: मूळ औषध ज्या पट्ट्यात हलतं त्याच पट्ट्यात हे हलतं का? भारतात २०१२ ची आणि २०१६ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वं ही तुलना मागतात.

भीती बाळगायचीच तर बदलांची बाळगावी, मग कंपनी कुठलीही असो. १९९८ मध्ये युरोपात एप्रेक्स या एरिथ्रोपोएटिनमधून (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधातून) मानवी अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० हे प्रथिनाला स्थिर ठेवणारं रसायन घातलं. हेतू चांगला होता, मानवी रक्तातला घटक टाळणं. नंतरच्या वर्षांत काही रुग्णांच्या शरीराने या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं बनवली आणि त्यांच्या तांबड्या पेशी बनणं थांबलं. सिरिंजच्या रबरी बुचातून पदार्थ झिरपत असावेत असा एक प्रमुख संशय होता. बुचाला लेप दिला, त्वचेखाली टोचण्यावर निर्बंध आले आणि रुग्ण घटले. कारखान्यात साधं बूच बदलायलाही महिनोन्महिने का लागतात, त्याचं कारण हे.

## कारखान्याच्या बाहेर

इथून पुढे औषध आपल्या ताब्यात. २ ते ८ अंश म्हणजे फ्रिजचा मधला कप्पा. दार नको, ते सारखं उघडतं. बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला चिकटवून नको. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी टाकून द्यायचं, कारण प्रथिनाच्या गुठळ्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही. कुपी खळाखळा हलवायची नाही. मुळातच गढूळ असणाऱ्या प्रकारचं इन्सुलिन तळहातांत हळू फिरवून एकजीव करायचं.

आणि खोका फेकण्याआधी त्यावरच्या ब्रँडच्या नावाचा व बॅच क्रमांकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. त्रास झाल्यास डॉक्टरांना किंवा सरकारच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर हे दोन्ही सांगायचं. नुसतं ‘ट्रास्टुझुमॅब’ किंवा ‘इन्सुलिन’ सांगून टाकीपर्यंत पोचता येत नाही. मुलकोवालच्या १९ मृत्यूंचा माग एका बाटलीपर्यंत लागला, तो तिच्यावर ५३-एन लिहिलेलं होतं म्हणून.